रिपोर्ट नॉर्मल यायला हवा

"ताई, टेस्टच्या आधी किती दिवस गोळ्या बंद ठेवल्या की रिपोर्ट नॉर्मल येतो?"

विचारणाऱ्याचा दंड माझ्यासमोर होता आणि मी पट्टा आवळत होते. खरं तर पट्ट्याची गरजच नव्हती. कोपराच्या खळगीतली शीर अशी टरारून वर आलेली, की कालपरवा कामाला लागलेल्या मुलीनेही पहिल्या फटक्यात सुई घातली असती. रक्त काढणाऱ्यांना अशा शिरेचा एक वेगळाच आनंद असतो. सकाळपासून सुकलेल्या, सुई टेकताच बाजूला सरकणाऱ्या शिरा शोधून मान आखडलेली असते, आणि मग असा एखादा दंड समोर येतो. प्रश्नही त्याने अगदी सहज विचारला. पाणी प्यायलो तर चालेल का, या सुरात. कसल्या गोळ्या, म्हटलं. "जिमच्या. कोर्स चालू आहे." आणि माझ्या चेहऱ्यावर काही उमटायच्या आत घाईघाईने, "पण इंजेक्शन नाही हं घेत. नुसत्या गोळ्या." नळीत रक्त भरत होतं. मी ठरलेलं उत्तर दिलं: डॉक्टरांना विचारा, कापूस दाबून धरा, हात दुमडू नका. तो गेला, आणि त्याचा प्रश्न दिवसभर माझ्या मागे लागला.

स्नायू वाढवणाऱ्या अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडच्या गोळ्या घेतो याचं आता नवल वाटत नाही. दंड पाहून अंदाज येतो, खांद्यांवरच्या मुरुमांवरून येतो, आणि नळी सेंट्रीफ्यूजमधून बाहेर काढली की तो अंदाज बळावतो. एरवी पुरुषाच्या रक्तात तांबड्या पेशींचा थर नळीच्या निम्म्याच्या जरा खाली बसतो आणि वर सीरम राहतं. या मुलांच्या नळ्यांत लाल थर पुष्कळदा निम्म्याच्या वर चढलेला. उरलेलं सीरम काढताना पिपेटचं टोक जपून धरावं लागतं. ही औषधं तांबड्या पेशी वाढवतात. त्यांतली ऑक्सिमेथोलोन तर रक्तक्षयावरच दिली जायची. तर गोळ्यांचं मला काही वाटलं नाही. टोचलं ते दुसरंच. लिव्हर ठीक आहे का, हे त्याला जाणून घ्यायचं नव्हतं. रिपोर्ट ठीक यायला हवा होता. तो कुणाला दाखवायचा होता कोण जाणे: घरी, नोकरीच्या मेडिकलला, की स्वतःलाच. आणि शिवाय ते "नुसत्या गोळ्या".

सुईची भीती मला चांगली ठाऊक आहे, आमच्या पोटापाण्याचाच विषय आहे तो. भल्याभल्या पिळदार गड्यांना सुई पाहून पांढरंफटक पडताना पाहिलंय. त्या भीतीत नुसतं दुखणं नसतं. सुई टोचून घेणं म्हणजे काहीतरी हद्द ओलांडणं, असं कुठेतरी मनात असतं. गोळी मात्र आपण तापावरही घेतो, डोकेदुखीवरही घेतो, ती घरातलीच. पण अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडच्या बाबतीत लिव्हरपुरता हिशेब नेमका उलटा आहे. ही औषधं ज्यावर बेतलेली आहेत ते पुरुषी हार्मोन, टेस्टोस्टेरॉन, प्रयोगशाळेत तयार झालं 1935 साली. ते तयार करणाऱ्या बुटेनांट आणि रुझिच्का यांना 1939 चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. पण ते तोंडाने घेऊन फारसा उपयोग नव्हता. आतड्यातून शोषलेलं औषध आधी पोर्टल शिरेने लिव्हरमध्ये जातं, आणि लिव्हर टेस्टोस्टेरॉनचा बहुतेक भाग पहिल्याच फेरीत मोडून टाकतं. मग रसायनशास्त्रज्ञांनी रेणूच्या सतराव्या कार्बनवर एक छोटा मिथाइल गट बसवला. तेवढ्याने लिव्हरच्या एन्झाइमना तो रेणू सहजी मोडता येईना. डायनाबॉल, स्टॅनोझोलॉल, ऑक्सँड्रोलोन, ऑक्सिमेथोलोन, पूर्व जर्मनीतल्या खेळाडूंना सरकारी योजनेतून मिळणारी ओरल ट्युरिनाबॉलची निळी गोळी, या सगळ्यांत सतराव्या कार्बनवरची ही करामत कुठल्या ना कुठल्या रूपात आहेच. गोळी काम करते ती लिव्हरला मोडता येत नाही म्हणून, आणि लिव्हरला भारी पडते तीही त्याचमुळे. कमी त्रासाची म्हणून जी निवडली, तीच आधी लिव्हरच्या दारात जाते.

1989 साली वेटलिफ्टरांवरचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यांना काही आठवडे रोज 6 मिलिग्रॅम स्टॅनोझोलॉलची गोळी दिली, आणि वेगळ्या टप्प्यात आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन. गोळीने एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, 33 टक्के उतरलं. इंजेक्शनने 9 टक्के. डोस पाहा, 6 मिलिग्रॅम. जिममध्ये "कोर्स" म्हणून जे घेतलं जातं ते याच्या कितीतरी पट असतं. कुणी यावरून इंजेक्शन बरं असा अर्थ काढेल, म्हणून सांगते: हृदय, किडनी, अंडकोष यांच्या खात्यावर इंजेक्शनही भरपूर खर्च टाकतं. मुद्दा फक्त त्या "नुसत्या"चा आहे. डायनाबॉल 1958 मध्ये बाजारात आली तेव्हा अमेरिकन वेटलिफ्टरांचे डॉक्टर जॉन झिगलर यांनीच ती खेळाडूंच्या हाती दिली होती. पुढे तेच खेळाडू सांगितलेल्या डोसच्या अनेक पट गोळ्या परस्पर घेताहेत हे पाहून त्यांना आपल्या त्या उद्योगाचा पश्चात्ताप झाला. एक गोळी चालली तर चार जास्त चालतील, हा हिशेब तेव्हापासूनचा आहे.

मला दुसऱ्या एका माणसाची नळी आठवते. त्या माणसाला पाहिलं तेव्हा तो आमच्या बाकावर बसून तळहात खाजवत होता. खाजवत म्हणजे, एका हाताच्या बोटांची पेरं दुसऱ्या तळहातात घालून घासत होता, अंग चोरून, कुणी पाहू नये असा. अंगावर पुरळ नाही, गांधी नाहीत. रात्री जास्त होतं, झोप लागत नाही, म्हणाला. साबण बदलून झाला होता, मलमं लावून झाली होती. डोळे तोवर पिवळे झालेले, पण ट्यूबलाइटच्या उजेडात ते त्याच्या घरच्यांनाही कळले नसावेत. खिडकीजवळ बोलावलं तेव्हा मला दिसले. नळी फिरवून काढली तर सीरम नेहमीच्या फिकट पिवळ्याऐवजी गडद केशरी, तळाकडे जवळपास तपकिरी. मशीनने बिलिरुबिनचा, काविळीत वाढणाऱ्या पिवळ्या रंगद्रव्याचा, आकडा द्यायलाच नकार दिला, मोजण्याच्या मर्यादेपलीकडे. सीरम पातळ करून पुन्हा लावलं. नॉर्मल माणसाचं एकच्या आसपास असतं. याचं पंचविशीच्या पुढे. आणि गंमत म्हणजे लिव्हरच्या पेशींना इजा झाली की वाढणारं एसजीपीटी जेमतेम दुप्पट, पित्ताचा रस्ता अडला की चढणारं अल्कलाइन फॉस्फटेज जवळपास जागेवर. मी सॅम्पल बदललं की काय म्हणून नळीवरचं नाव तपासून पाहिलं.

सॅम्पल बरोबरच होतं. या गोळ्यांची काविळ अशीच येते. साध्या व्हायरल काविळीत लिव्हरच्या पेशी मरतात, फुटतात, आणि त्यांतलं एसजीपीटी रक्तात हजारांनी सांडतं. इथे पेशी फारशा मरत नाहीत. पित्त पेशीतून बाहेर काढून बारीक नलिकांमध्ये टाकणारी यंत्रणाच मंदावते, आणि पित्त साचून रक्तात मागे फिरतं. डॉक्टरी भाषेत याला ब्लँड कोलेस्टेसिस म्हणतात; "ब्लँड" म्हणजे सौम्य, पण त्यावर जाऊ नये. पित्तातले क्षार रक्तात चढले की ती खाज सुटते, तळहात-तळपाय सगळ्यात आधी. लघवी काळ्या चहाच्या रंगाची होते, शौच पांढुरकी. गोळ्या सुरू केल्यापासून साधारण एक ते चार महिन्यांत हे दिसू लागतं. म्हणजे पहिला कोर्स छान जमला, वजनं वाढली, आता अंग दाखवावं अशा ऐन बहरात. त्या माणसाची आधी सोनोग्राफी झाली, खडा नाही. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई सगळ्या टेस्ट झाल्या, सगळ्या निगेटिव्ह. कुठली औषधं घेता, असं फॉर्मवर स्पष्ट छापलेलं होतं. त्यासमोर त्याने लिहिलं होतं: काही नाही.

काही नाही. दंड पाहून कुणाचाही विश्वास बसला नसता, पण फॉर्मवर दंड दिसत नाही.

पुढे त्याची लघवी तपासायला आली. बाटली हलवली की लघवीवर फेस येतो आणि बसतो, पांढरा. याचा फेसही पिवळा होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तपकिरी-पिवळ्या रंगाचे छोटे दंडगोल, किडनीच्या नलिकांच्या साच्यात ओतून काढावेत तसे. कास्ट म्हणतो आम्ही त्यांना. हे पित्ताने रंगलेले. बिलिरुबिन फार वर गेलं की किडनीच्या बारीक नलिकांत ते असे साचतात, नलिका तुंबतात, शिवाय पित्त तिथल्या पेशींना थेटही जाचतं. दोन दिवसांनी क्रिएटिनिन, किडनीने गाळून टाकायचा कचरा, वर सरकायला लागलं. लिव्हरचं दुखणं शेजारच्या घरात शिरतं ते असं. बिलिरुबिन आणि क्रिएटिनिन एकाच कागदावर वाढताना पाहणं मला कधीच सवयीचं झालं नाही.

लिव्हर स्वतः दुखत नाही. त्याच्या आत वेदनेच्या नसाच नाहीत. वरचं आवरण ताणलं गेलं तर जडपणा जाणवतो, एवढंच. किडनीही बहुतेक वेळा तशीच मुकाट. उलट आरसा सतत बोलत असतो. चार आठवड्यांत खांदे भरले, शर्टाची बाही तंग झाली, जिममधल्या पोरांनी मान वळवली, आणि हे सगळं खरंही असतं. मला वाटतं, गोळ्या घेणाऱ्यांना आपण मूर्ख म्हणतो तेव्हा आपण हे सोयीस्करपणे विसरतो की गोळी दिलेला शब्द पाळते. जे सांगितलं ते देते, तेही डोळ्यांदेखत. उरतो तो रिपोर्ट. आतलं सांगणारा तेवढाच एक कागद, आणि म्हणून त्यालाही आरशासारखंच सजवून घ्यायचं.

त्यात आणखी एक पेच आहे, आणि जिममधल्या मुलांना तो माझ्याइतकाच माहीत असतो. एसजीओटी आणि एसजीपीटी ही एन्झाइमं म्हणजे लिव्हरची मक्तेदारी नाही. स्नायूंतही ती असतात. काल जोरात पाय मारले असतील तर आज गोळी न घेणाऱ्याचेही आकडे वाढलेले येतात. क्रिएटिनिन तर स्नायूंमधूनच येतं. भरलेल्या अंगाच्या निरोगी माणसाचं ते थोडं वर असू शकतं, क्रिएटिन पावडर घेत असेल तर आणखी. त्यामुळे "ते मसल्समुळे आहे" हे वाक्य खोटं नसतं. पुष्कळदा ते खरंच असतं. पण हे अर्धं खरं एकदा हाती लागलं की त्याच्या आड काहीही लपतं. स्नायूंमुळे वाढलंय की लिव्हरमुळे, हे पाहायचं तर जीजीटी करता येतं, ते स्नायूंतून येत नाही; सीपीके करून स्नायूंचा वाटा बघता येतो. किडनीसाठी सिस्टॅटिन सी आहे, त्यावर स्नायूंचा प्रभाव फारसा पडत नाही, आणि साधी लघवीतल्या प्रथिनांची तपासणी आहे. या टेस्ट सांगून कुणी करून घेत नाही. सगळ्यांना नेहमीचं पॅकेज हवं असतं आणि त्यावर हिरव्या रंगात नॉर्मल.

लघवीतली प्रथिनं मी मुद्दाम म्हटली. एका किडनीत साधारण 10 लाख नेफ्रॉन, म्हणजे बारीक गाळण्या, असतात, आणि दोन्ही मिळून दिवसाला 180 लिटरच्या आसपास द्रव गाळतात. अंग वाढलं तरी नेफ्रॉन वाढत नाहीत. तीस-चाळीस किलो जादा स्नायू आले की त्याच गाळण्यांना जास्त दाबाखाली जास्त काम पडतं. वर स्टेरॉइडने चढलेलं ब्लडप्रेशर, भरमसाठ प्रथिनं, आणि औषधाचा थेट मारा. 2010 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या 10 बॉडीबिल्डरांच्या किडनीच्या बायोप्सींवर एक शोधनिबंध लिहिला. दहापैकी नऊ जणांच्या गाळण्यांमध्ये व्रण पडलेले, एफएसजीएस नावाचा आजार. दहाव्याच्या गाळण्या नुसत्याच फुगलेल्या. लघवीतून दिवसाला सरासरी 10 ग्रॅम प्रथिनं जात होती. निरोगी माणसाची दिवसाला 150 मिलिग्रॅमही जात नाहीत. ज्या प्रथिनांसाठी एवढा आटापिटा, ती खालून वाहून चाललेली. गोळ्या-इंजेक्शनं आणि व्यायामाचा अतिरेक थांबवल्यावर बहुतेकांचं सुधारलं किंवा निदान थांबलं. एकाला डायलिसिसवर जावं लागलं. आणि एकाने पुन्हा स्टेरॉइड सुरू केलं, त्याचा आजार उलटला.

त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येते. तांत्रिकदृष्ट्या त्याला उत्तर आहे, आणि तेच मला खुपतं. रक्तातलं एसजीपीटी साधारण दोन दिवसांत निम्मं होतं. गोळी थांबली की आकडा खाली यायला लागतो, हे त्याच्या कानावर कुठूनतरी आलेलं होतंच. बिलिरुबिन इतकं समजूतदार नाही. काविळ रेंगाळली की त्याचा काही भाग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला पक्का चिकटतो, आणि मग अल्ब्युमिनच्याच चालीने, आठवड्या-आठवड्यांनी उतरतो. पण समजा सगळे आकडे नॉर्मल आले. लिव्हरमध्ये रक्ताने भरलेल्या पोकळ्या होतात, पेलिओसिस म्हणतात त्याला. गाठी होतात, अ‍ॅडेनोमा. क्वचित पुढे कॅन्सर. दीर्घकाळ या गोळ्या घेणाऱ्यांत तिन्ही नोंदलेले आहेत. यांतलं काहीही नॉर्मल एसजीपीटीच्या आड शांतपणे बसू शकतं. पेलिओसिसची पोकळी किंवा अ‍ॅडेनोमा फुटून पोटात रक्तस्राव होतो तेव्हाच ते पहिल्यांदा कळलं, असंही घडलेलं आहे. मग कोर्ससोबत सिलिमरिन किंवा टुडका घेतलं की झालं, असं म्हणणारेही भेटतात. "लिव्हर सपोर्ट चालू आहे" हे इतक्या विश्वासाने सांगतात, की सपोर्ट घेऊन काविळ झालेल्यांच्या नळ्या मी त्यांना दाखवू शकत नाही याचं वाईट वाटतं.

इथे एक सांगितलंच पाहिजे, कारण हे वाचून कुणी भलतंच करायला नको. दम्यासाठी, संधिवातासाठी, किडनीच्याच काही आजारांसाठी डॉक्टर प्रेडनिसोलोन देतात. तेही स्टेरॉइडच, पण वेगळ्या घराण्यातलं. त्याने ना दंड फुगतात, ना अशी काविळ होते. त्याचे स्वतःचे दुष्परिणाम आहेत, साखर, हाडं, डोळे. पण बऱ्याच दिवसांचं ते औषध मनाने एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. त्या 2010 च्या अभ्यासातल्या एका बॉडीबिल्डरला उपचार म्हणून याच घराण्यातलं औषध दिलं होतं.

गोळी न घेणारेही सुटतातच असं नाही. 2013 मध्ये अमेरिकेत बी व्हिटॅमिनच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये मेथास्टेरोन निघालं होतं, सतराव्या कार्बनवर मिथाइल असलेलंच. लोकांनी थकव्याच्या, बिघडलेल्या लिव्हर टेस्टच्या तक्रारी नोंदवल्या होत्या, आणि आपण काय गिळतोय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पूर्व जर्मनीतल्या कित्येक शाळकरी पोहणाऱ्या मुलींनाही निळ्या गोळ्या व्हिटॅमिन म्हणूनच मिळत होत्या. या सगळ्यांना निदान कुणी सांगितलं नव्हतं, जिममधल्या मुलांत आणि त्यांच्यात एवढा फरक.

पिवळ्या फेसवाला माणूस दवाखान्यातून घरी गेला आणि दर पंधरवड्याला आमच्याकडे रक्त द्यायला येऊ लागला. ही काविळ गोळी बंद केली तरी महिनोन्महिने रेंगाळते. बिलिरुबिन वीस, मग बारा, मग सात. क्रिएटिनिन जवळपास जागेवर आलं. प्रत्येक रिपोर्ट आधीच्यापेक्षा बरा, आणि तो मात्र प्रत्येक वेळी आधीपेक्षा खचलेला. बाहेरून टेस्टोस्टेरॉनसारखं औषध महिनोन्महिने मिळालं की मेंदूतली पिट्युटरी आपल्या बाजूने हुकूम देणं थांबवते, अंडकोष झोपतात, आणि गोळी सुटली की दोन्हीकडून रिकामं. स्नायू उतरतात, झोप जाते, कशातच मन लागत नाही. शर्ट त्याच्या खांद्यांवर लोंबायला लागला होता. एकदा पट्टा बांधताना मला शीर चाचपावी लागली, तर तोच ओशाळला. "लिव्हर सुधारतंय म्हणता, मग मला असं का वाटतंय?" म्हणाला. हा प्रश्न रक्त काढणाऱ्या बाईला विचारायचा नाही, हे त्यालाही कळत होतं. जे नाव त्याने डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, ते त्याने मला तेव्हा सांगितलं, कापूस दाबून धरता धरता, खालच्या आवाजात. मी म्हटलं, मला सांगून काय उपयोग, मी फक्त आकडे काढते.

पुढच्या खेपेला त्याच्या फॉर्मवर लिव्हर आणि किडनीच्या टेस्टखाली तीन नव्या टेस्ट होत्या: एलएच आणि एफएसएच, म्हणजे पिट्युटरीचे ते हुकूम, आणि टेस्टोस्टेरॉन. बाजूला डॉक्टरांच्या अक्षरात गोळीचं नाव लिहिलेलं होतं, रोजच्या मिलिग्रॅमसकट.